रेघोट्यांची साक्ष

कॉलेजच्या शिस्त समितीच्या लघुलेखिका म्हणजे रेघोटीबाई. हे नाव ठेवलं ऑफिसच्या शिपायानं, आणि ते चिकटलं. बावीस वर्षं बाई टेबलाच्या कोपऱ्यावर बसून सगळ्यांचं बोलणं लघुलिपीत, म्हणजे वाकड्यातिकड्या खुणांमध्ये, भराभर टिपत आल्या होत्या. बैठकीत बाईंनी तोंड उघडायचं नाही, असा रिवाजच पडला होता. तसं बोलायची हौस त्यांना कमी होती असं नाही हं! दिवसभराचं साचलेलं सगळं घरी नवऱ्याच्या वाट्याला यायचं, आणि तो बिचारा मान डोलावून डोलावून थकायचा.

त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या एका मुलीची सुनावणी होती. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक सरांनी तिच्याकडून एक चिठोरं जप्त केलं होतं. त्यावरचं एकही अक्षर कुणाला लागत नव्हतं, म्हणजे ही सांकेतिक भाषेतली कॉपीच, असा सरांचा निष्कर्ष. कॉपी सिद्ध झाली की वर्षभर परीक्षेला बंदी. मुलगी पांढरीफटक पडली होती. तिच्या लेखी खुलाशात एकच ओळ होती: पेपर लवकर संपला म्हणून सराव करत होते.

"कसला सराव?" समितीचे अध्यक्ष असलेल्या प्राचार्यांनी विचारलं.

"लघुलेखनाचा, सर. मी क्लासला जाते. कानावर पडेल ते लिहायचं, असं आम्हाला सांगितलंय."

"मग वाच बघू, काय लिहिलंयस."

मुलीनं पर्यवेक्षक सरांकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे, आणि मान खाली घातली.

"बघा!" सरांनी टेबलावर हात आपटला. "खरं असतं तर वाचलं नसतं का हिनं?"

प्राचार्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. "बाई, लिहून घ्या. एक वर्षाची..."

बाईंची पेन्सिल हललीच नाही. एवढी शिकलेली माणसं, पण शेजारी बसलेल्या बाईच्या वहीत कधी कुणी डोकावलं असेल तर शपथ! नाहीतर चिठोरं बघताच ट्यूब पेटली असती की.

"सर," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकल्या. "पुरावा न वाचता निर्णय कसा लिहू? द्या इकडे. मला येतं वाचता."

चिठोऱ्यावरून नजर फिरवताच बाईंना घाम फुटला. पोरीची दातखीळ का बसली, ते आता कळलं. हे वाचलं तर आपलीही काही खैर नाही. पण त्या पोरीचं अख्खं वर्ष जात होतं. बाईंनी चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं सुरुवात केली.

"'या हो, दाराशी उभे राहू जरा. जाम कंटाळा आलाय. त्यात हा नवा बूट, टाच सोलून निघाली. आणि वर हे रिपोर्ट लिहा! आमच्या प्राचार्यांचं बरंय हो. कागद पुढे आला की ठोकली सही. वाचतोय कोण!'"

पर्यवेक्षक सरांनी हळूच पाय खुर्चीखाली ओढला. प्राचार्यांनी ते बरोब्बर पाहिलं.

"वर्गावर असताना गप्पा मारत होतात?"

"शेजारच्या वर्गावरच्या सरांशी, जरा... असंच..."

"आणि मी न वाचता सही ठोकतो होय?"

सगळ्यांची नजर टेबलाकडे गेली. वर्षभराच्या बंदीचा टाइप केलेला कागद प्राचार्यांच्या पुढ्यातच पडला होता, आणि त्यावर सकाळीच सही झाली होती. प्राचार्यांनी तो उचलला, पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचला आणि लाजून हसले. मग त्यांनी तो फाडून टाकला.

"लिहा बाई. आरोप सिद्ध झालेला नाही."

बाईंनी ते लिहिलं आणि तडक बाहेर गेल्या. मुलगी भिंतीला टेकून उभी होती.

"सुटलीस गं!"

मुलगी आधी हसली, मग ढसाढसा रडली. "तुम्ही वाचलंत? सगळं? त्यांच्यासमोर?"

"अगदी टाचेसकट. पण तू का नाही वाचलंस?"

"सरांचा अपमान झाला असता ना."

"आणि तुझ्या वर्षाचं काय?"

बाईंना तिचा रागही आला आणि मायाही आली. त्यांनी पदरानं तिचे डोळे पुसले.

"हात छान बसलाय तुझा. उद्यापासून चार वाजता माझ्याकडे येत जा. आपण दोघी मोठ्यानं वाचायचा सराव करू."