कॅमेरा मान डोलावत नाही

ऑनलाइन अभ्यासक्रमाला आमच्या भूगोलाच्या सरांइतका कडवा विरोध साऱ्या खानदेशात कुणी केला नसेल, आणि त्यांच्यासारखा अभ्यासक्रमही कुणी तयार केला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगते. शहाद्याच्या आमच्या कॉलेजात असे अभ्यासक्रम करवून घ्यायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी आधी नकारांची विभागवार यादी केली. कुणी म्हणालं वेळ नाही, कुणी म्हणालं नेट नाही, कुणी बढतीला गुण मिळतात का एवढंच विचारलं. सरांचं कारण मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. मृदा शिकवायची तर कोरीट गावच्या शेतातली काळी माती रुमालात बांधून आणणारा, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून भर उन्हाळ्यात पंखे बंद करायला लावणारा हा माणूस. पोरांच्या कपाळावरची आठी बघून ते वाक्य बदलत. "ताई, हाऊ कॅमेरा मन्हाकडे देखस, पन मान डोलावस नही," ते मला म्हणाले. "याले समजनं का नही, माले कसं समजी?"

मग धडगावकडची मुलं त्यांना भेटायला आली. दिवाळीनंतर आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचं होतं. वर्ग बुडणार, वर्षही जाणार. दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून रेकॉर्डिंगच्या खोलीत हजर. आधी त्यांनी हजेरी घेतली, प्रत्येक नावापुढे थांबत. मग "तापी पश्चिमेकडे का वाहते?" असं विचारून कॅमेऱ्याकडे बघत गप्प बसले. बराच वेळ.

"सर, एवढी शांतता कापून टाकते," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. पोरं ईचार करी ऱ्हायनात."

मी कापली नाही. तोड संपवून ती मुलं परीक्षेला आली, उन्हानं रापलेली, आणि सरांच्या हजेरीतलं एकही नाव गळलं नाही. निकालाच्या दिवशी सर दारातच उभे होते, प्रत्येकाचा चेहरा बघत. त्यांतली एक मुलगी म्हणाली, "सर, मोबाइलवर तुम्ही थांबायचात ना, तेव्हा आमच्या पाचटाच्या कोपीतले सगळे उत्तर द्यायचे. तापीचं आईनं सांगितलं."

"काय म्हने माय?"

"काम तिकडंच आहे, म्हणून."

सर हसले. मग चष्मा काढून पुसत राहिले.

"पुढच्या वर्षी मी नाही जाणार तोडीला," ती म्हणाली. "तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणार."

सर त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. त्यांनी तिला ते सांगितलं नाही, आणि मीही नाही.