एकशे सत्तेचाळीस फूट सात इंच

माझ्या काकांना मोजणी कचेरीत सगळे 'वर्गमूळ' म्हणत. तोंडावरसुद्धा. काकांना त्यात टोमणा दिसत नसे, उलट बढती मिळाल्यासारखे ते खूश होत. कुणी खिडकीशी येऊन विचारावं, "साहेब, दोन एकर चौरस जागा आहे, कुंपणाला तार किती लागेल?" की काकांनी डोळे मिटावेत आणि उघडताच सांगावं, "एक बाजू दोनशे पंच्याण्णव फूट दोन इंच. चारनं गुणा. तेवढं तरी स्वतः करा."

एका एकराचे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट, हा आकडा त्यांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्का पाठ होता. लोक मात्र एक चूक हमखास करत. एकराची बाजू दोनशे आठ फूट, म्हणजे अर्ध्या एकराची एकशे चार, असं म्हणून मोकळे होत. मग काका चवताळत. कागद उभा दुमडत, आडवा दुमडत, उलगडून चार घरं दाखवत आणि त्यातल्या एकावर बोट आपटत. "हा अर्धा आहे का? पाव आहे, पाव! लांबीही कापलीत आणि रुंदीही कापलीत, मग उरणार काय?" समोरचा माणूस मान डोलावून निघून जाई आणि दारातून बाहेर पडताच पुन्हा एकशे चारच धरून चाले, याची मला खात्री आहे.

जगाच्या जमिनी मोजणाऱ्या या माणसाच्या मालकीची वीतभर जागा नव्हती. काका-काकू एका धोबीखान्याच्या वर दोन खोल्यांत भाड्याने राहत. खालून वाफ यायची, भिंतींना कायम ओल असायची आणि बाराही महिने घरात गरम इस्त्रीचा वास. दोघांना हवी होती अर्धा एकर जागा, चौरस. चौरसच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. काका म्हणाले, "कुंपण सगळ्यात कमी लागतं." काकू म्हणाली, "यांना दुसरा आकार आवडत नाही म्हणून." दोन्ही खरं होतं.

अर्ध्या एकराची बाजू एकशे सत्तेचाळीस फूट सात इंच. ती काढायला काकांना डोळे मिटावे लागत नसत. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. एकोणसाठ पावलं आणि वर एक इंच. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी दोघं शाळेच्या मोकळ्या मैदानावर जात आणि तो चौकोन चालून काढत. काका मोजत पुढे, काकू मागे. कोपरा आला की काका म्हणत, "वळ." काकू वळायची आणि म्हणायची, "इथे माझी न्हाणी." घरी येऊन रद्दी नकाशांच्या पाठीवर ती खोल्या काढायची. एकदा विहीर कुठे खणायची यावरून दोघं तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. माझे वडील म्हणाले, "बाजारात तुरी, आणि यांची हाणामारी." सगळे हसले. काकू हसली नाही, तिला विहीर खरोखरच मागच्या बाजूला हवी होती.

जागा मिळाल्या नाहीत असं नाही. चांगल्या दहाबारा पाहिल्या. एक त्रिकोणी निघाली, एक बुटासारखी, एकीच्या मधून नाला. काका टेप गुंडाळत आणि म्हणत, "नाही." एक जागा तर अशी होती की मी अजून विसरले नाही. तिला पाणी होतं, सावली होती, शेजार चांगला होता. एक बाजू फक्त अकरा फुटांनी कमी पडत होती. परत येताना काकूने दोनदा मागे वळून पाहिलं. "घ्या की," ती म्हणाली. "मी कुठे अकरा फुटांत नाचणार आहे?" काका म्हणाले, "घाई कशाला? मिळेल." मला तेव्हाही त्यांचा राग आला होता आणि आजही येतो. माणूस हुशार असला म्हणजे शहाणा असतोच असं नाही.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकू आजारी पडली. चार महिन्यांत सगळं संपलं. त्यानंतर काकांनी मैदानावर जाणं सोडलं. घरी गेलं की ते खिडकीशी बसलेले असत, धोबी कपडे वाळत घालतो ते बघत. चहा दोन कप करायचे. दुसरा मी प्यायचे, कारण कुणीतरी प्यायला हवाच होता.

दोन वर्षांनी मला गावाबाहेरच्या रस्त्यावर एक पाटी दिसली. 'अर्धा एकर, चौरस, विकणे आहे.' मी काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप पिशवीत घालून जिन्याखाली उभे होते. दाढी केलेली होती. मला इतका आनंद झाला की मी रिक्षावाल्याशी भाडंही ठरवलं नाही.

जागेची मालकीण सत्तरीची बाई होती. नवरा सार्वजनिक बागेत माळी होता, तो गेल्यावर एकटीच राहत होती. तिच्याकडे एक एकर चौरस जागा. अर्धी विकायची, अर्धी ठेवायची, असा तिचा बेत. एका कोपऱ्यात तिने चार काठ्या रोवून ठेवल्या होत्या. काकांनी टेप लावला सुद्धा नाही. लांबूनच पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी चढली.

"हा अर्धा तुम्ही काढलात कसा?" त्यांनी विचारलं.

"अहो, सोप्पं आहे," माळीणबाई म्हणाली. "एका बाजूएवढा दोर घेतला, मधोमध दुमडला. तो इकडून लावला, तिकडून लावला. दोराचा अर्धा तो जमिनीचा अर्धा!"

आता कागद दुमडून दाखवणार आणि म्हातारीची हजेरी घेणार, म्हणून मी डोळे मिटले. पण काकांनी शांतपणे सांगितलं की हा पाव आहे. तिला पटायला वेळ लागला. त्यांनी तिचाच दोर घेऊन दाखवलं, तेव्हा असे चार चौकोन तिच्या एकरात बसले. तिने कपाळाला हात लावला.

"मग काठ्या सरकवा," ती म्हणाली. "पाटीवर अर्धा लिहिलंय, अर्धाच देणार. मी बोललेला शब्द फिरवत नाही."

दोन्ही अंगांना त्रेचाळीस फूट तीन इंच सरकवायचं होतं. वाटेत नवऱ्याने लावलेली लिंबाची सहा झाडं येत होती. ती म्हणाली, "जातील तर जातील." मी टेपचं टोक धरलं, काका एक काठी उपटून चालत गेले आणि नव्या कोपऱ्यावर थांबले. जमीन सपाट होती, माती काळी होती, एक बाजू एकशे सत्तेचाळीस फूट सात इंच. तीस वर्षं हा माणूस ज्यासाठी अडून बसला, ते फक्त काठी रोवण्यापुरतं उरलं होतं. काकांनी काठी रोवली नाही. त्यांनी चारही बाजूंना पाहिलं. कुठल्या कोपऱ्यात काय येणार, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

ते परत आले आणि काठी पहिल्या जागी ठोकली. "राहू द्या. पावच घेतो, पावाच्याच भावात."

"काका!" मी ओरडलेच. "आता कुठे मिळतंय, आणि आता सोडता?"

"तो आकडा दोघांचा होता गं," ते म्हणाले. "ती गेली तेव्हा वाटलं, अर्धं उरलं, काढू दिवस. तसं नसतं. माणूस गेलं की लांबीही जाते आणि रुंदीही जाते." मग माळीणबाईला म्हणाले, "तिला एक जागा आवडली होती. अकरा फुटांपायी मी ती घेऊ दिली नाही."

माळीणबाईने त्यांचं सांत्वन वगैरे केलं नाही. "मी अख्ख्या एकरात एकटी राहते," ती म्हणाली. "या, आत बसून कागद करू."

तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर कोरा कागद, पेन आणि चष्मा तयार होता. तिने वर तारीख घातली, 'पाव एकर, चौरस' असं लिहिलं आणि विचारलं, "नावं काय घालू?"

काकांनी काकूचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, ठणठणीत आवाजात, खिडकीशी आलेल्या माणसाला आकडा सांगावा तसं. मी माळीणबाईकडे पाहिलं. तिला सगळं ठाऊक झालं होतं. तरी तिने एकेक अक्षर जपून लिहिलं, नावापुढे स्वल्पविराम दिला.

"आता तुमचं सांगा," ती म्हणाली.

काकांना ते सांगता येईना. शेवटी ते मी सांगितलं.