सायमनने सांधलेली डोलकाठी

"तुना कोनी सांगलाता हात लावाला? बोल ना! कोनी सांगलाता?"

"अगो, मोरली होती ती. दोन तुकरे झालंते. मी जोरली."

"मोरली नव्हती, बाबा! ती तशीच असते. दोन तुकऱ्यांची!"

"दोन तुकऱ्यांची डोलकाठी?" जाळ्याच्या ढिगावर बसलेल्या सायमननं लेकीकडं बघितलं. "कंच्या गावान?"

पाचूबंदरच्या त्यांच्या अंगणात लांबलचक काळी काठी आडवी पडली होती. मधोमध रेझिननं चिकटवलेली पांढऱ्या फायबरची पट्टी, होडीला भोक पडलं की लावतात तीच. काम असं सफाईचं, की हात फिरवला तर सांधा लागू नये. तेच बघून प्रिस्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

प्रिस्का दर नोव्हेंबरात व्हिएतनामला जाते. तिथं एका किनाऱ्यावर मार्चपर्यंत सणसणीत वारा असतो, आणि फळीवर शीड उभं करून लोक पाण्यावरून सुसाट सुटतात. विंडसर्फिंग म्हणतात त्याला. प्रिस्का ते शिकवते. गोव्यात जीवरक्षकाची नोकरी करताना शिकली आणि त्याच्यातच रुतली. गावात विचारा, सांगतील, "सायमनची पोर ना? फॉरेनला फलीवर नाचाला जाते."

जाते ती एकटी जात नाही. माणसापेक्षा लांब पिशवी बरोबर असते, तिच्यात फळी, शिडं, काठी. रिक्षावाले लांबून बघूनच रिक्षा वळवतात. म्हणून आचोळ्याचा शत्रुघ्न, भाजीचा टेम्पोवाला, तिला विमानतळावर सोडतो. तिथं काउंटरवरची पोरगी विचारते, "मॅडम, इस में बॉडी है क्या?" मग मोजपट्टी येते, मग ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळणी. शेजारी सायकल घेऊन आलेल्या गोऱ्याला मात्र "सर, सर". प्रिस्का हे सगळं दात आवळून गिळते, कारण भांडली तर पिशवी इथंच राहील.

गेल्या मार्चात परतताना कुणीतरी पिशवी अशी आपटली, की फळीचं नाक फुटलं. प्रिस्कानं पिशवी तशीच माळ्यावर फेकली आणि घरात कुणाशी धड बोलली नाही. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, सायमनच्या हाताला काम नाही. त्यानं पिशवी खाली काढली. फुटलेलं नाक भरलं, तेही झकास. मग त्याला काठीचे दोन तुकडे दिसले. ज्यांनी फळी फोडली त्यांनीच काठी मोडली, असं तो धरून चालला. त्याच्या बापाची शिडाची होडी होती. भर समुद्रात काठी मोडली तर काय होतं ते त्यानं लहानपणी ऐकलं होतं. त्यानं काठी सांधली आणि गप्प बसला. पोरगी बांधाबांध करताना बघेल आणि खूश होईल, एवढंच मनात.

आता उद्याचं विमान. काठीचे तुकडे किनाऱ्यावर एकात एक खोचायचे असतात; अखंड काठी कुठल्याच विमानात चढत नाही.

मॅग्डलीन, प्रिस्काची आई, चुलीवरून उकळतं पाणी घेऊन आली. सांध्यावर ओतलं. दोन्ही बाजूंनी दोर आवळून बापलेकीनं उलटसुलट पीळ दिला. काठी करकरलीसुद्धा नाही.

"आत पन घातलास रेझिन?"

"आत नाय घातला तं टिकंल कसा?"

सायमन उठून करवत घेऊन आला. "कापतू."

"काप! माजी मान पन काप! कापलेली काठी चुलीत घालाची काय?"

या वर्षी पहिल्यांदा तिला वरच्या वर्गाला शिकवायचं होतं, स्वतःच्या शिडावर. ज्याच्याकडं स्वतःचं सामान नाही, त्याला तिथल्या शाळेची मालकीण इझाबेल बचावाच्या बोटीत बसवते, पाण्यात पडलेली गिऱ्हाइकं उचलायला. स्वतःचं सामान घेईपर्यंत प्रिस्कानं तेच केलं होतं.

"एवढी वर्सं जातंय मी," ती म्हणाली, आणि आवाज चढतच गेला. "एकदा तरी इचारलास, पोरी, ह्या काय हाय, कसा उभा ऱ्हाते? लोकं मना हसतान, तवा तू खाली मान घालतस. आन मंग मागल्या दारानं माज्या सामानाला हात लावतस!"

"तू कवा सांगलास?"

"सांगाला बसली का तू उठून जातस!"

सायमननं करवत खाली ठेवली. "होरी मोरली का मी इचारीत बसत नाय."

"मी होरी नाय!"

कुंपणापलीकडं दोन बायका घुटमळल्या होत्या. प्रिस्कानं त्यांच्याकडं असं बघितलं, की त्या चालू लागल्या.

मोबाईल काढून तिनं इझाबेलला कळवलं. उत्तर लगेच आलं. हरकत नाही, बोट चालवायला माणूस हवाच आहे.

"तिकरं दुसरी काठी नाय मिलत?" सायमननं हळूच विचारलं.

"मिलते ना. नारलासारखी झारावर लागते!"

"मंग हिचा काय करू?"

"लाव तुज्या होरीला."

"होरीला इंजिन हाय."

प्रिस्कानं पिशवी ओढून चेन लावली. काठीच्या जागी पिशवीचं पोट खपाटीला गेलं. तेवढ्यात शत्रुघ्नचा फोन. "ताई, कल कितना बजे? रस्सी लाऊं ना, हर बार जैसी?"

"लाव. आन जास्ती बोलू नको."

"प्रिस्के!" मॅग्डलीन वाळूवरून ओरडली. "बोंबील पाटीन परलेत, ऊन चाललाय!"

प्रिस्का गेली. पाटीतले दोन बोंबील उचलून एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला आणि ती जोडी बांबूवर टाकली. मग दुसरी. मागून सायमन आला आणि त्यानंही पाटीत हात घातला.

"त्या टोकाला जा," ती न बघता म्हणाली. "माज्या आंगाला नको."

तो त्या टोकाला गेला. ती पुढची जोडी अडकवू लागली.