आमचा अंडरस्टडी वॉल्टर

नाटकवाल्यांकडे किस्से कपाटातल्या रिकाम्या पिशव्यांसारखे साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण दार उघडलं की अंगावर पडतात. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या मराठी ग्रुपचंही तसंच. दरवर्षी भीमजयंतीला आम्ही एक एकांकिका करतो आणि गेल्या पाच वर्षांतले निम्मे किस्से वॉल्टरचे आहेत.

वॉल्टर अमेरिकन, वय अठ्ठ्याहत्तर. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणि सिनेमात आयुष्य काढलं, मग बायकोचं गाव म्हणून मेलबर्नला आला. राहतो माझ्या शेजारी. गराजमधली आमची तालीम ऐकून एकदा कुंपणापलीकडून म्हणाला, "वाक्य संपायच्या आधीच तुम्ही दमता." तेव्हापासून तोच आमचा डायरेक्टर!

*

सिनेमात त्याला बहुतेक मरायचेच रोल मिळाले. गोळी लागून, बुडून, एकदा तर घोड्यावरून पडून. माझ्या मुलीने, अन्वीने विचारलं, "विच वन हर्ट द मोस्ट?"

तो म्हणाला, "एडिटिंगमध्ये कापला तो."

*

स्टेजवर मात्र तो अकरा वर्षं अंडरस्टडी होता. म्हणजे मुख्य नटाचं सगळं काम पाठ करायचं आणि तो आजारी पडलाच तर, म्हणून विंगेत थांबायचं. अकरा वर्षांत चारदा संधी मिळाली. मी हळहळलो, तर म्हणाला, "काय करणार, तो नट फार ठणठणीत होता."

पण सवय काही गेली नाही. मराठीचा गंध नाही, तरी आमची सगळ्यांची कामं रोमन अक्षरांत लिहून तो पाठ करायचा. एकदा आमचा हिरो संदीप वाक्य विसरला आणि त्याने मनाचंच काहीतरी ठोकून दिलं. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. वॉल्टरने तालीम थांबवली आणि हे काल नव्हतं म्हणून सांगितलं.

*

गेल्या वर्षी शो शनिवारी होता आणि गुरुवारी नागपूरहून संदीपला फोन आला. वडील आयसीयूत, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्यायला सांगितलेलं.

संदीप म्हणाला, "शो करतो आणि निघतो. सगळ्यांनी एवढी मेहनत घेतलीय यार."

आम्ही त्याची पाठ थोपटली. आज त्या शाबासकीची लाज वाटते. वडिलांना अग्नी देऊन संध्याकाळी तोंडाला रंग लावणाऱ्या नटांच्या गोष्टी आपल्याकडे केवढ्या कौतुकाने सांगतात. त्या मीच सांगितल्या, आणि वॉल्टरला कळाव्यात म्हणून इंग्रजीतही सांगितल्या.

त्यावर वॉल्टर म्हणाला की त्याला मिळालेल्या त्या चार संधींतली एक अशीच होती. आई शेवटच्या घटका मोजत होती, बहिणीने बोलावलं होतं, आणि नेमका त्याच दिवशी तो ठणठणीत नट आजारी पडला.

"मी स्टेजवर गेलो. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बहीण आजतागायत माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे." मग संदीपकडे वळून म्हणाला, "तुझं काम मला पाठ आहे. तू जा."

शुक्रवारी सकाळी संदीप विमानात बसला.

*

शनिवारी दुपारी, पंचविशीतल्या मराठी इंजिनिअरच्या रोलमध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गोरा माणूस स्टेजवर उभा राहिला. लोक आधी हसले. "बाबा, मला यायला उशीर झाला" हे वाक्य त्याने म्हटल्यावर कुणी हसलं नाही.

तिकडे नागपूरला, नर्सची परवानगी काढून, संदीपने व्हिडिओ कॉलवर हाच शो वडिलांना दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "तुझ्यापेक्षा चांगलं करून राहिला हा."

दुसऱ्या दिवशी ते गेले.

महिन्याने संदीप परतला आणि मला घेऊन थेट वॉल्टरकडे गेला. वडील काय म्हणाले ते त्याने इंग्रजीत सांगितलं.

"असं नको," वॉल्टर म्हणाला. "ते ज्या शब्दांत म्हणाले, त्याच शब्दांत सांग."

संदीपने सांगितलं.

वॉल्टर डोळे मिटून म्हणाला, "पुन्हा एकदा."