लाटांवरचं इंग्रजी

नाशिकच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. द्वारका सर्कलजवळ रद्दीच्या एका दुकानात जुनी परदेशी मासिकं मिळायची. तिथेच मला सर्फिंगची मासिकं सापडली. फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. पण ओढ लागली ती त्यांच्या भाषेची. लाट फुटताना आत जी पोकळी होते, तिला त्यांच्याकडे कितीतरी शब्द होते. वर्गात व्याकरण शिकवून आले की मी ते शब्द घोळवत बसायची.

पीएच.डी.ला हाच विषय घ्यायचा, असं ठरवून गाईडकडे गेले. ते हसले.

"बाई, नाशिकला समुद्र कुठाय? गोदावरीत करणार का सर्फिंग?"

त्यांनी सुचवलेला क्रियापदांचा विषय मी घेतला, घासून पूर्ण केला आणि डॉक्टर झाले. मासिकं कपाटात राहिली.

पुढे काही वर्षांनी विभागात निफाडकडचा एक तरुण लेक्चरर आला. घरची द्राक्षबाग, इंग्रजी अस्खलित आणि मराठीत अजून 'लय' आणि 'नाय'. एकदा बोलता बोलता मी त्याला मासिकं दाखवली.

"मॅडम, लय भारी हे! घरी नेऊ का?"

मी दिली. खरं तर बरंच वाटलं. इतक्या वर्षांत कोणी मागितली नव्हती.

सर्फरांच्या बोलीवर अभ्यास करायला त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो ऑस्ट्रेलियाला गेला. वर्षभराने परतला तो रापलेला, खांदे रुंद झालेला. कॉलेजच्या हॉलमध्ये त्याने भाषण दिलं, पडद्यावर फोटो दाखवले. एका फोटोत तो स्वतः फळीवर उभा होता, मागे हिरवीगार लाट. दुसऱ्याच्या लाटेवर मध्येच चढणाऱ्याला सर्फर एक शिवी देतात. ती मला पहिल्या रांगेत बसल्या बसल्या आठवली.

"असा विषय आपल्याकडे आजवर कुणाला सुचला नव्हता," प्राचार्य म्हणाले.

तो लगेच उठला. "सर, सुचला होता. मॅडमना. मासिकं त्यांचीच."

टाळ्या पडल्या. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. त्याने माझा उल्लेख केला नसता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त रागावता तरी आलं असतं.

घरी नवरा म्हणाला, "अगं, भर सभेत तुझं श्रेय तुला दिलं त्याने. आणखी काय हवं?"

"त्याच्यासारखे खांदे," मी म्हणाले. तो हसला. मला हसू आलं नाही.

दोनेक वर्षांनी तो लेक्चरर कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन कर्नाटकच्या किनाऱ्यावर निघाला. तिथे सर्फिंग शिकवायला लागले होते. "मॅडम, तुम्ही यायलाच पाहिजे," म्हणून मागेच लागला. गेले. चाळिशी उलटलेली, अंगात सलवार-कमीज, पोहता येत नाही. ओढणी वाळूत ठेवून कमरेएवढ्या पाण्यात शिरले. त्याने फळी धरली.

"पोटावर झोपा. मी सांगितलं की हात मारा. उठायचं नाय."

दोनदा उलटले, नाकातोंडात पाणी गेलं. तिसऱ्यांदा लाटेने मला उचललं आणि थेट वाळूपर्यंत आणून टाकलं. हनुवटी खरचटली होती आणि मी मोठमोठ्याने हसत होते.

"कसं वाटलं?" तो धावत आला.

"मस्त!"

मग तो स्वतःची फळी घेऊन आत गेला. एक लाट आली, तो सहज उभा राहिला आणि तिच्या कडेकडेने तिरका निघून गेला. मुली ओरडायला लागल्या. त्या लाटेला काय म्हणतात, हे मला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

फळी ओढत मी पुन्हा पाण्यात शिरले. धरायला त्याला बोलावलं नाही.