‘आई बरी’ म्हणणारा पडदा

यंत्राला घरचं वळण लावता येतं, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझ्या वर्गमित्राचा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणायचो. अंधेरीतल्या एका कंपनीत तो कॉम्प्युटर सांभाळायचा आणि शनिवारी दुपारी मला शिकायला शेजारी बसू द्यायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांना हे सगळं टायपिंगच वाटे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही फारसं वेगळं वाटत नव्हतं. तेव्हाच्या पडद्यावर नुसती अक्षरं असत. पुढचा हुकूम घ्यायला मशीन तयार झालं की डॉलरचं चिन्ह उमटे. त्याला प्रॉम्प्ट म्हणत. दादाला हे घुमेपण सोसवेना. “दारात माणूस आलाय आणि ह्याच्या तोंडातून शब्द नाही,” म्हणत त्यानं चार-चार ओळींच्या स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांच्या छोट्या याद्या, लिहून मशीनला बोलतं केलं होतं. पाचवी ओळ लागली तर म्हणे, “झालं, हे आता ओझं झालं.” सकाळी प्रॉम्प्ट रोमन अक्षरांत ‘बोल रे’ म्हणे, दुपारी ‘डबा उघड’, आणि हिशेबाच्या फायलींत शिरलं की ‘चपला काढ’. एकदा साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, “हे काय?” दादा म्हणाला, “साहेब, जेवणाची वेळ झाली. आपल्यालाच सांगतंय ते.” साहेब खरंच जेवायला गेले.

मुलुंडला घरी तो आणि आई, दोघंच. आईला दमा. घरी फोन नव्हता. काही झालं तर शेजारी खालच्या मेडिकलमधून कंपनीत फोन करत. फोन बाहेर बसून फोन घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर आणि दादा आत काचेमागे. सारखा उठून विचारायला जाई म्हणून साहेबांची बोलणी खाल्ली, तेव्हा त्यानं नवी स्क्रिप्ट केली. बाईंनी त्यांच्या टेबलावरच्या, त्याच मशीनला जोडलेल्या टर्मिनलवरून निरोप एका फायलीत टाकायचा; दर हुकमानंतर स्क्रिप्ट तिथे डोकावे आणि निरोप असला तर दाखवी. फाईल रिकामी असली तर प्रॉम्प्ट म्हणे, ‘आई बरी’.

“दादा, रिकामी म्हणजे बरी कशी?” मी भीत भीत विचारलं होतं.

“अरे, वाईट बातमी कुठे अडते काय? ती येतेच.”

मार्चमधल्या एका शनिवारी वर्षअखेरच्या हिशेबांनी डिस्क भरली. “वाट लागली रे,” म्हणत दादा दुपारभर जुन्या फायली पुसत बसला, आणि प्रत्येक हुकमाखाली पडदा सांगत राहिला, ‘आई बरी’. संध्याकाळी घरी निघालेल्या बाई आत डोकावल्या.

“अहो, तुम्ही अजून इथेच? आईंना दवाखान्यात नेलंय. दुपारीच टाकला की निरोप.”

भरलेल्या डिस्कवर निरोप उतरलाच नव्हता. फाईल रिकामीच राहिली होती.

“पण हा तर बरी म्हणतोय,” दादा पडद्याकडे बघत म्हणाला.

आम्ही रिक्षानं मुलुंडला पोचलो तेव्हा शेजारी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. आमच्याकडे कुणी बघेना. शेजारच्या काकी शेवटी म्हणाल्या, “इचारत होती रे, माझो झील खय रवलो म्हणान.” मुलगा कुठे राहिला, हेच आई शेवटपर्यंत विचारत होती.

दिवसकार्य झाल्यावर दादा कामावर आला. बाईंना तो एका शब्दानं बोलला नाही. स्क्रिप्टही सगळ्या राहू दिल्या, फक्त एक ओळ बदलली. रिकाम्या फायलीला पडदा आता म्हणे, ‘ठाऊक नाही’. निरोप पाठवणारं घरी कुणी उरलं नव्हतं. “आता कशाला, दादा?” मी विचारलं. “असू दे रे,” तो म्हणाला आणि पुढचा हुकूम टाईप करू लागला.

तेव्हापासून ‘घरी सगळं बरं ना?’ असं कुणी विचारलं, की माझं ‘हो’ जरा उशिरा येतं.