एका होडी क्लबाचे दोन अध्यक्ष

मंडळी, आज सकाळी उजनीच्या पाण्यावर आम्हा हौशी होडीवाल्यांत रक्त सांडलं.

दत्तूराव आणि सोपानतात्यांनी एकमेकांना नवी कार्डं दिली. दोन्हींवर ‘अध्यक्ष, होडी क्लब’!

“तुला अध्यक्ष कुणी केलं रं?” म्हणत दत्तूरावांनी तात्यांच्या डोक्यात वल्हं घातलं.

बेशुद्ध तात्यांना इंदापूरला दवाखान्यात नेलं. मी औषधं आणायला गेलो, तेवढ्यात नर्सनं तात्यांच्या खिशातलं कार्ड बघून फोन लावला. दत्तूरावांच्या घरी! खिशात त्यांनीच दिलेलं कार्ड होतं ना.

वहिनी रडत आल्या. “माझ्या मालकाला कुणी मारलं?”

मालक दारातच उभे, शर्टावर तात्यांचं रक्त.

टाके पडलेले तात्या डोळे उघडून म्हणाले, “वैनी, तुमचं मालक धड हायती. मार मी खाल्लाय.”

दोन्ही कार्डं माझ्याच बारामतीच्या छापखान्यातली. छापतानाच सगळं कळलं होतं, तरी गप्प बसलो. सांगा, ते वल्हं एकट्या दत्तूरावांनी मारलं का?